धायरीत बंगल्यामागे सहा कोंबड्यांचं खुराडं बांधायचंय, आराखडा तपासून द्या

ओसरीवरून:
नमस्कार मंडळी,
पुण्यातल्या धायरीत आमचं बैठं घर आहे. मागच्या अंगाला वीस फूट बाय बारा फूट जागा मोकळी आहे. तिथे एक शेवगा, एक कढीपत्ता आणि कपडे वाळत घालायची तार, एवढंच. पश्चिमेला कंपाउंडची पाच फुटी भिंत आणि तिच्यापलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. सासूबाई वेल्ह्याकडच्या. त्यांच्या माहेरी दारात कोंबड्या असायच्याच, त्यामुळे घरात कुणाचाच विरोध नाही. सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) पाळायच्या, कोंबडा ठेवायचा नाही, अंडी घरापुरती, असं ठरलंय.

ऑनलाइन मिळणारी तयार लाकडी खुराडी बघितली. दिसायला देखणी आहेत, पण छप्पर जेमतेम वीतभर बाहेर आणि तळाला पातळ फळ्या. आपल्याकडच्या जुलैत त्यांचं काय होईल ते डोळ्यांसमोर आलं. म्हणून घरीच बांधायचं. नवऱ्याला वेल्डिंग आणि सुतारकाम दोन्ही येतं.

सध्याचा आराखडा असा: चार फूट बाय चार फूट खोली, जमिनीवरच विटांच्या एका थरावर, वर जीआय पत्रा, पुढे जाळीचा पिंजरा फिरायला. पश्चिमेच्या भिंतीला लागून बांधावं असं वाटतंय, म्हणजे एक बाजू आयती मिळते. जाळी कोणती घ्यावी, खाली माती ठेवावी की कोबा करावा, पिल्लं आणावी की वाढलेल्या तलंगा, आणि वास येऊ नये म्हणून बांधतानाच काय करावं, हे अनुभवी लोकांकडून हवंय. पाऊस ओसरला की काम सुरू करणार आहोत.

भातखाचर:
ताई, चांगलं मनावर घेतलंय. मी मुळशीचा, घरी पिढ्यान् पिढ्या कोंबड्या. आधी एक गोष्ट सांगतो, कारण सासूबाईंच्या आठवणीतलं खुराडं आणि तुम्ही बांधताय ते, यात मोठा फरक आहे.

आमच्याकडे जुन्या घरात खुराडं म्हणजे ओट्याच्या जोत्यात ठेवलेला कोनाडा, पुढे फळीचं झाकण. पिलांची कोंबडी असली की ती रात्री घरातच डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली). म्हणजे राखणीला घराच्या दगडी भिंती, दाराशी कुत्रा आणि ओसरीवर झोपलेली माणसं. खुराडं स्वतः भक्कम असायची गरजच नव्हती. तुमचं खुराडं घरापासून सुटं, उघड्यावर उभं राहणार. ती सगळी राखण आता एकट्या खुराड्याने करायची आहे. जाळी, कडी, तळ यांवर खर्च करा. रंगरंगोटी नंतर केली तरी चालते.

धायरीकडे टेकड्या जवळ, त्यामुळे मुंगूस नक्की येणार. मुंगूस दिवसाढवळ्या येतो आणि एका कोंबडीवर थांबत नाही. रात्री उदमांजर, बोका आणि घुशी. आकाशातून घार आणि शिक्रा, पण ते पिलांना जास्त. तलंगांना मुख्य धोका जमिनीवरून आहे. साप अंड्यांसाठी आणि अंड्यांपेक्षाही उंदरांसाठी येतो, म्हणजे खाद्य सांडलं नाही तर तोही फिरकत नाही.

ती षटकोनी जाळी, जिला दुकानात चिकन जाळी म्हणतात, ती कोंबडीला आत ठेवण्यापुरती आहे. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि पावसात दोन वर्षांत गंजून हातात येते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली चौकोनी जाळी, घ्या. महाग पडते, पण याला पर्याय नाही.

गुणाकार:
भातखाचर यांच्याशी पूर्ण सहमत. आता मापं बघू. वारज्यात सात-आठ वर्षं कोंबड्या पाळतोय आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना खुराडी बांधून दिली आहेत.

अंड्यावरच्या एका कोंबडीला आत दोन ते अडीच चौरस फूट आणि बाहेर फिरायला आठ ते दहा चौरस फूट जागा लागते. सहांना आत पंधरा म्हणजे तुमचं चार बाय चार बसतं, पण काठावर. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने त्या आतच जास्त वेळ असतात, म्हणून चार बाय पाच करा. फिरायची जागा सहा बाय दहा ठेवा आणि उंची माणूस सरळ उभा राहील इतकी, सहा फूट तरी. वाकून झाडावं लागणारं खुराडं झाडलं जात नाही आणि मग सगळे त्रास तिथून सुरू होतात. हे मी प्रत्येक ठिकाणी बघितलंय.

बसायची दांडी: एकीला आठ ते दहा इंच, म्हणजे सहांना पाच फुटांची एक दांडी पुरते. दोन इंच रुंद, वरच्या कडा गोल घासलेल्या. लोखंडी पाइप नको, हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापतो. दांडी अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच हवी. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागा शोधते. खोका उंच ठेवलात तर ती खोक्यातच झोपेल आणि सकाळी अंडी शिटेने माखलेली मिळतील.

खोके दोन पुरतात, चार-पाच कोंबड्यांमागे एक असा हिशोब. एक फूट लांब, एक फूट रुंद, चौदा इंच उंच. पुढे चार इंचांची पट्टी, म्हणजे भुसा बाहेर येत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात लावा आणि मागून झाकण उघडेल असं करा. अंडी काढायला आत शिरावं लागू नये.

जमिनीवर बांधू नका. दोन फूट उंच पायांवर घ्या. पाय लोखंडी अँगलचे, खाली काँक्रीटचे ठोकळे. दोन फूट म्हणजे पुरते दोन फूट, कारण सहा-आठ इंचांच्या फटीत घुशी घर करतात आणि हात घालून साफही करता येत नाही. दोन फुटांखाली उन्हाळ्यात कोंबड्यांना बसायला सावली मिळते, ती जागा फुकटची.

ओसरीवरून:
खूप आभार. पायांवर घेतलं तर खालचा तळ कशाचा? एका ओळखीच्यांनी तळालाही जाळीच ठेवा, शीट खाली पडून जाईल, असं सांगितलंय.

भातखाचर:
जाळीचा तळ नको. कोंबडीचा पाय उकरण्यासाठी आहे. तारेवर कायम उभी राहिली की तळव्याला जखम होते, ती सुजते आणि गाठ धरते. शिवाय खाली पडलेली शीट पावसाच्या ओलीत कुजते आणि सगळा वास तिथूनच येतो.

शेजारधर्म:
मी कोंबड्या पाळत नाही. कोंबड्या पाळणाऱ्यांच्या शेजारी राहिलो आहे, म्हणून लिहितोय. पहिल्या महिन्यात कौतुक होतं. पावसाळा आला तसा स्वयंपाकघराची खिडकी उघडता येईना, माश्या झाल्या, मग खाद्याच्या पोत्यामागे उंदीर आले आणि ते आमच्याही माळ्यावर पोचले. शेजारी माणसं चांगली होती, त्यामुळे बोलायचं कसं हेच कळत नव्हतं. शेवटी संबंध बिघडलेच.

तुम्ही भिंतीला लागून बांधायचं म्हणताय आणि पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर आहे हेही तुम्हीच लिहिलंय. कृपा करून आधी त्यांच्याशी बोला. त्यांना आराखडा दाखवा आणि वास आला तर कुणाला, कसं सांगायचं हे आधीच ठरवून ठेवा. सोसायटीच्या प्लॉटवर असाल तर सोसायटीचे नियम आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाचं म्हणणं लेखी घ्या. तुमच्या घरात विरोध नाही हे वाचलं, पण भिंतीपलीकडचं घरही यात आलंच.

ओसरीवरून:
शेजारधर्म, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. रविवारी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगते. भिंतीला लागून बांधायचा हट्ट नाही. पण मग पश्चिमेचा पाऊस कसा अडवायचा?

औंधचे_निवृत्त_पशुवैद्य:
वास या एका मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण त्यावर शेजार टिकणार आहे आणि कोंबड्यांची फुप्फुसंही.

कोंबडीच्या शिटेत युरिक आम्ल असतं. शीट कोरडी राहिली तर तिला फारसा वास येत नाही. ओल लागली की जिवाणू युरिक आम्लाचं विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. तोच तो डोळ्यांत जाणारा वास. माणसाला उभं राहून येतो त्यापेक्षा कोंबडीला कितीतरी जास्त लागतो, कारण ती तिथेच वीतभर उंचीवर श्वास घेते. डोळे सुजतात, श्वासनलिका हुळहुळी होते आणि मग सर्दी-खोकल्याचे आजार पटकन शिरतात. तेव्हा वासावर औषध शोधू नका, ओल शोधा. पाण्याचं भांडं सांडतंय, पत्र्याच्या खिळ्यातून गळतंय, वाऱ्याने पाऊस आत येतोय, या तिन्हींपैकी काहीतरी सापडतंच.

तळ प्लायचा किंवा फळ्यांचा घन ठेवा आणि त्यावर भाताचं तूस अंथरा. सुरुवातीला दोन-तीन इंच. मग शीट पडेल तसं वर नवं तूस घालत सहा इंचांपर्यंत जाऊ द्या. दर दोन-चार दिवसांनी खुरपणीने खालीवर करायचं. मूठभर तूस दाबून बघा. मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, गोळा राहिला तर ओल जास्त आहे. तेवढा भाग काढून टाका आणि कोरडं घाला. पौड, कामशेत, भोरकडच्या भात गिरण्यांवर तूस पोत्याने मिळतं. लाकडाचा भुसाही चालतो, पण फर्निचरच्या कारखान्यातला, प्लाय कापलेला नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

जागेबद्दल: पुण्यात पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. वासाची भीती सर्वांत जास्त त्याच महिन्यांत. म्हणजे खुराडं तुमच्या घर आणि पश्चिमेची भिंत यांच्यामध्ये असलं तर पावसाळ्यात वास आधी तुमच्याच घरात येईल, शेजाऱ्यांकडे कमी जाईल. हिवाळ्यात वारा फिरतो, पण तेव्हा सगळं कोरडं असतं. तरीही भिंतीपासून चार-पाच फूट सोडा. मधून माणूस जाऊ शकला तर मागची बाजू धुता-झाडता येते.

आणि पश्चिमेची बाजू छपराखालच्या फटीपर्यंत संपूर्ण बंद करा. दुपारचं ऊन तिकडूनच आणि पावसाचा माराही तिकडूनच. पूर्वेकडे खालचे दीड फूट बंद, वर जाळी. छपराखाली चारी बाजूंना हातभर उंचीची फट, तिलाही जाळी. ती फट कधीही बंद करायची नाही, थंडीतही नाही. कोंबडीला थंडी सोसते, कोंडलेली दमट हवा सोसत नाही.

गुणाकार:
डॉक्टरांनी सांगितलं त्याला जोडून. पत्रा पूर्वेला आणि पश्चिमेला भिंतीच्या तीन फूट बाहेर काढा. बघायला मोठा वाटेल, पण त्याच पदराखाली पाण्याचं आणि खाद्याचं भांडं टांगता येतं. उतार पश्चिमेकडे द्या, टोकाला पन्हाळ लावा आणि ते पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात सोडा. खुराड्याच्या भोवती चिखल होता कामा नये. भोवतीची जमीन वीतभर मुरूम टाकून उंच करा. वळवाचा आणि परतीचा पाऊस मात्र कुठूनही झोडपतो. त्यासाठी पूर्वेच्या जाळीवर गुंडाळायची ताडपत्री हवीच.

सामानाचं: लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात. अँगल आणि जुने दरवाजे-खिडक्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी बघा, कधी कधी फार चांगली ग्रिल मिळते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली पॅलेटं स्वस्त पडतात. त्यांवरचा शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं लाकूड, ते घ्या. ‘एमबी’ शिक्क्याचं नको, त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते.

फिरायच्या जागेभोवती जाळी जमिनीत फूटभर पुरायची किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी अंथरून वर माती-विटा टाकायच्या. मी दुसरं करतो. उकरणारा प्राणी जाळीच्या पायथ्याशीच उकरायला घेतो, मागे सरकून सुरुवात करत नाही.

माळरान:
वाघोलीकडून लिहितेय. आमच्याकडे पाऊस तुमच्यापेक्षा बराच कमी, ऊन मात्र भरपूर. तुम्हा सगळ्यांचं बोलणं पावसावर चाललंय, पण मी सांगते, एप्रिल-मे विसरू नका. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा जीआय पत्र्याखाली भट्टी होते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. हे दिसलं की लगेच हालचाल करायची.

पत्र्यावर उसाचं पाचट टाका, जाड थर, वरून जुनी जाळी बांधली की वाऱ्याने उडत नाही. किंवा उन्हाळ्याच्या तोंडाला चुना मारा. पिंजऱ्यावर दोडका किंवा घोसाळ्याचा वेल चढवा. शेवग्याची सावली विरळ असते, तिच्यावर विसंबू नका. दुपारी जाळीला ओलं गोणपाट लावायचं, पण आतलं तूस भिजणार नाही इतक्या अंतरावर. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, दिवसातून तीनदा बदलायचं. एरवी एक कोंबडी पाव लिटर पिते, उन्हात दुप्पट सहज. आणि भर दुपारी खायला घालू नका. खाल्लेलं पचवताना अंगातली उष्णता वाढते. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर घाला.

एका कोपऱ्यात माती, राख आणि थोडी रेती एकत्र करून कोरडा खड्डा ठेवा, वर आडोसा करून. त्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा-पिसवा झाडतात. हे त्यांना खाण्याइतकंच लागतं.

ओसरीवरून:
माळरान, उन्हाळ्याचं आमच्या डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार. आता पिल्लं की तलंगा? आणि जात कोणती? सासूबाई गावरानच म्हणतायत.

औंधचे_निवृत्त_पशुवैद्य:
सहाच पाळायच्या तर पिल्लं आणू नका. दोन कारणं. एक तर एकदिवशी पिलांत नर-मादी साधारण निम्मे-निम्मे असतात आणि तुम्हाला नर नकोत. दुसरं लसीकरण. मरेक्स या रोगाची लस पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच देतात. पुढे पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरची लासोटा, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीवरचीच आरटूबी. या लसींच्या कुप्या शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांच्या येतात, बर्फावर न्याव्या लागतात आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. सहा पिलांसाठी एवढा खटाटोप कुणी नीट करत नाही आणि मग मानमोडी येते. राणीखेत म्हणतात तीच. मान पिळवटते, हिरवी हगवण लागते आणि आठवडाभरात खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही. आधी दिलेली लस हाच उपाय.

म्हणून सगळ्या लसी झालेल्या बारा-चौदा आठवड्यांच्या तलंगा घ्या आणि लसींच्या तारखा लिहून घ्या. पुढच्या लसी पाच-सहा घरं मिळून एकत्र द्या, म्हणजे कुपी वाया जात नाही. आपल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत या लसी तयार होतात. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. ज्यांना पिल्लंच हवीत त्यांनी खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात आगाऊ नोंदणी करावी.

जातीचं म्हणाल तर अस्सल गावरान वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि मधेमधे खुडूक होते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते. वनराज, गिरिराज या परसासाठीच तयार केलेल्या जाती आहेत, गावरानापेक्षा अंडी बरीच जास्त, रोगांना काटक, पण अंगाने जड. अंडी हाच हेतू असेल तर ग्रामप्रिया किंवा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) बघा. पिंजऱ्यातल्या व्यापारी लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठीच्या, जाती वर्षाला तीनशेच्या वर जातात. त्या बंदिस्त शेडसाठी घडवलेल्या आहेत, परसात त्यांचा निभाव लागणं अवघड.

भातखाचर:
सासूबाईंचा मान राखून सहांत दोन गावरान घ्या. मुंगूस आला की पहिली ओरड गावरानच करते, बाकीच्या तिच्यामागे आत पळतात.

चिंचेखाली:
कोथरूडच्या जुन्या बंगल्यात आम्ही बरीच वर्षं पाळतोय. खाद्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर कोंबड्या जगतात हे खरं, पण अंडी देत नाहीत. अंड्यावरची कोंबडी रोज साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. सहांना महिन्याला वीस किलो. पन्नास किलोचं पोतं अडीच महिने पुरतं, पण पावसाळ्यात एवढं भरू नका. दमट हवेत मक्याला बुरशी धरते आणि तिचं विष यकृतावर जातं. पावसाळ्यात थोडं थोडं आणायचं, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवायचं. उंदराचा प्रश्नही तिथेच मिटतो.

तलंगांना अंड्यावर येईपर्यंत लेअरचं खाद्य देऊ नका. त्यात कॅल्शियम जास्त असतं, कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. वीस-बावीस आठवड्यांच्या झाल्या, तुरा लाल झाला, की मग लेअर मॅश आणि वाटीत वेगळा शिंपल्यांचा चुरा. मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची पानं, शेवग्याचा पाला हे रोज संध्याकाळी मूठभर द्या, बलक कसा पिवळाधमक होतो बघा. खारट-तिखट उरलेलं, कच्च्या बटाट्याची सालं, चहाचा चोथा नको.

डिसेंबरात अंडी कमी झाली तर घाबरू नका. दिवस अकरा तासांवर येतो आणि कोंबडीला अंड्यासाठी चौदा तासांच्या वर उजेड लागतो. पहाटे छोटा दिवा लावतात काही जण. मी लावत नाही. त्या पिसं बदलत असतात, त्यांना विश्रांती मिळू दे असं मला वाटतं.

एक शेवटचं, जे बांधण्याआधी घरात बोलून घ्यायला हवं. दोन वर्षांनंतर अंडी कमी होत जातात आणि कोंबडी सात-आठ वर्षं जगू शकते. तेव्हा काय करणार? आमच्याकडे कापत नाहीत, म्हाताऱ्या तशाच राहतात. म्हणून आम्ही सहाच्या जागी दहांची जागा धरून बांधलं. कापणार असाल तर तेही स्पष्ट ठरवा, विशेषतः मुलं नावं ठेवणार असतील तर. ऐन वेळी मुलाला हे कळू नये.

ओसरीवरून:
चिंचेखाली, हे आज रात्रीच जेवताना बोललो. सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्या माहेरी पाहुणा आला की कोंबडी कापायचे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मुलीचं म्हणणं अर्थातच वेगळं. सध्या ठरलंय की म्हाताऱ्या कोंबड्या इथेच राहतील. त्यामुळे खोली चार बाय सहा करतोय.

शेजाऱ्यांकडेही जाऊन आले. काकूंनी शांतपणे ऐकलं. त्यांची एकच अट, कोंबडा नको आणि वास आला तर त्याच दिवशी सांगणार. मीही त्याच दिवशी बघीन असं सांगितलंय. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देणार आहे.

आता खत. वर्षातून एकदा तूस काढलं की ते थेट झाडांना घालायचं का?

शेजारधर्म:
काकूंशी बोललात, हे वाचून खरंच बरं वाटलं. पहिली काही अंडी त्यांच्याकडे पोचवा.

माळरान:
ताजं कोंबडीखत थेट घालू नका, मुळं जळतात, त्यात नत्र फार असतं. सुका पालापाचोळा दुप्पट घेऊन थर रचा, ओलसर ठेवा, दोन-तीनदा पलटी मारा. तीन महिन्यांत काळं भुसभुशीत होतं. मग वांगी, मिरची, कढीपत्ता, कशालाही घाला. ढीग मात्र झाकून ठेवा, उघडा राहिला की माश्या अंडी घालतात.

औंधचे_निवृत्त_पशुवैद्य:
रोगाबद्दल एक गंभीर सूचना. २००६ साली फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. २०२१च्या जानेवारीत परभणीत पुन्हा आला. अशा वेळी त्या टापूतल्या घरच्या कोंबड्याही माराव्या लागतात. कारण परसातल्या कोंबड्यांचा रानपाखरांशी संबंध येतो. म्हणून पिंजऱ्याला वरूनही जाळी हवी आणि खाद्य-पाणी छपराखालीच ठेवा, कावळे-पारव्यांना तिथे थारा नको. खुराड्यात जाताना वेगळ्या चपला घाला आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा. नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे जुन्यांपासून लांब ठेवा. दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर पुरून मोकळे होऊ नका, आधी दवाखान्यात कळवा. औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासणी होते. एखादीच वयाने गेली तर खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. कालव्यात किंवा कचऱ्यात अजिबात नको.

गावरान आणताय म्हणून सांगतो. खुडूक झाली की ती खोका सोडत नाही आणि अंडी देणं थांबतं. कोंबडा नाही, म्हणजे पिल्लं निघणार नाहीत. तेव्हा तिला दोन-चार दिवस खालून वारा लागेल अशा जाळीच्या खोक्यात, उजेडात ठेवा, दाणापाणी द्या. पोटाखालची ऊब गेली की ती उठते. पाण्यात बुडवण्याची पद्धत जुनी आहे, पण ती करू नका.

ओसरीवरून:
सुधारित आराखडा: खोली चार बाय सहा, दोन फूट उंच अँगलवर, पश्चिमेच्या भिंतीपासून पाच फूट सोडून. पश्चिम बाजू सिमेंट शीटने बंद, पूर्वेला दीड फूट फळी आणि वर अर्ध्या इंचाची वेल्डमेश, ताडपत्रीसह. छपराखाली सगळीकडे फट. तळ प्लाय, वर तूस. सहा फुटी दांडी, खाली दोन खोके, मागून उघडणारे. पिंजरा सहा बाय दहा, वरून जाळी, बाहेर दीड फूट आडवी जाळी विटांखाली. पत्र्यावर पाचट, पिंजऱ्यावर दोडका. दार पूर्वेला, आत उघडणारं, साधी कडी. काही राहिलंय का?

गुणाकार:
दोन बदल. दार बाहेर उघडणारं करा. आतलं तूस सहा इंचांवर आलं की आत उघडणारं दार अडकतं. आणि साधी कडी नको. मांजर-उदमांजर पंजाने ती सरकवतं. कोयंडा आणि त्यात अडकवायची स्प्रिंगची कडी, दोन ठिकाणी, वर आणि खाली. प्लायच्या तळाला आतून दोन हात तेलरंग द्या आणि कडा सिलिकॉनने भरा, नाहीतर शिटेची ओल प्लायच्या थरांत शिरते. रंग पूर्ण वाळून त्याचा वास गेल्यावरच कोंबड्या आत सोडा.

भातखाचर:
आणल्यावर पहिले चार-पाच दिवस बाहेरच्या पिंजऱ्यात सोडू नका, खोलीतच कोंडून ठेवा. झोपायची जागा हीच हे त्यांना कळलं की पुढे दिवस मावळायला आपणहून आत जाऊन दांडीवर बसतात, हाकलावं लागत नाही. तुम्ही फक्त मोजायचं आणि दार लावायचं. गावरान दोघी पाहिजेत तर मला निरोप करा. आमच्याकडच्या तलंगा दिवाळीपर्यंत द्यायच्या होतील, लसी झालेल्या आहेत.